तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं शिकूनही?

प्रश्न दोन आहेत. पहिला असा येतो: "संख्याशास्त्र शिकवता, एवढं शिकलात, आणि तरी तुमचं मत तिकडे?" दुसरा जरा लाडीगोडीने: "मॅडम, हुशार माणसं शेवटी आमच्याच बाजूला येतात, हे आता सिद्ध झालंय ना?" पहिल्याला मला बावळट ठरवायचं असतं, दुसऱ्याला स्वतःला हुशार. गंमत म्हणजे दोन्ही प्रश्न मला दोन्ही बाजूंच्या लोकांनी विचारलेत. आजवर हसून वेळ मारून नेली. आता कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी मत कुणाला देते ते इथे सांगणार नाही. सांगितलं की पुढचं सगळं तुम्ही तेवढ्यावरूनच वाचाल.

आकडा हवा असतो ना, तर आकडा आहे. बेल्जियमच्या संशोधकांनी २०१५ साली ६७ अभ्यास एकत्र करून सुमारे ८४ हजार माणसांची माहिती तपासली. बुद्धिमापन चाचणीतले गुण आणि उजवी मतं यांच्यातला सहसंबंध निघाला उणे ०.२०. म्हणजे गुण जास्त, तर मतं किंचित कमी उजवी. एवढं ऐकून अर्धे लोक खूश होऊन उठतात आणि उरलेले माझ्यावर चिडतात. उणे ०.२० म्हणजे नेमकं किती, हे मात्र कुणी विचारत नाही. समजा, दोन-दोन माणसांच्या शंभर जोड्या लावल्या. जास्त गुणवाला कमी उजवा निघेल अशा जोड्या साधारण ५६, उलट निघतील अशा ४४. एवढ्या भांडवलावर समोरच्याची अक्कल काढायची? शिवाय त्या अभ्यासांत 'उजवं' म्हणजे बहुतेक करून परंपरा, आज्ञापालन, परक्यांविषयीचा आकस. कर किती असावेत, बाजाराला किती मोकळीक असावी, असं विचारलं की अमेरिकेतल्या पाहण्यांत चित्र बऱ्याचदा फिरतं आणि जास्त गुणवाले बाजाराकडे झुकलेले दिसतात. एकच माणूस, तेच गुण. एका प्रश्नावर डावा, दुसऱ्यावर उजवा.

ब्रिटनमध्ये १९७० साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांची दहाव्या वर्षी चाचणी घेतली होती. मोठेपणी त्यांना विचारलं, २००१ च्या निवडणुकीत मत कुणाला दिलंत? ग्रीन आणि लिबरल डेमोक्रॅट मतदारांची लहानपणची सरासरी १०८ च्या आसपास. हुजूर आणि मजूर, म्हणजे ज्यांच्यावरून तिथे खरी भांडणं होतात ते दोन पक्ष, दोघांचे मतदार १०३-१०४ वर, मध्ये धड एका गुणाचाही फरक नाही. हे सांगितलं की दोन्ही बाजूंचे प्रश्नकर्ते विषय बदलतात.

पदवीचं तर आणखी विचित्र आहे. फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ पाश्चात्त्य लोकशाही देशांतली १९४८ पासूनची मतदारांची माहिती लावून पाहिली. १९५०-६० च्या दशकांत डाव्या पक्षांना मतं देत ते कमी शिकलेले. आज देतात ते जास्त शिकलेले. त्या पन्नास-साठ वर्षांत पदवीधरांच्या मेंदूत काही उलथापालथ झाली नाही. पक्ष कुणाशी बोलतात आणि कशाबद्दल बोलतात, ते बदललं. त्याच्याही मागे गेलात तर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल भेटतो. शिकलेल्यांना एकाहून जास्त मतं द्यावीत, असं त्याने १८६१ मध्ये सुचवलं. मिल उदारमतवादी. पण ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या पदवीधरांना वेगळे खासदार निवडायची सोय होतीच (ती १९४८ च्या कायद्याने गेली), आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या त्या जागा त्या काळात हुजूर पक्षाचे गड. १८६५ मध्ये ऑक्सफर्डच्या पदवीधरांनी खुद्द ग्लॅडस्टनला, म्हणजे पुढे पंतप्रधान झालेल्या उदारमतवादी नेत्याला, पाडलं. आज तीच विद्यापीठं डावी म्हणून शिव्या खातात.

इथेच थांबले असते. पण पहिला प्रश्न मला लागतो, आणि त्याचं कारण या आकड्यांत नाही. ते वाक्य मला पहिल्यांदा ऐकवलं ते माझ्या सरांनी.

सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी पीएचडी केली ते. आकड्याला भ्यायचं नाही आणि आकड्यावर भाळायचंही नाही, हे दोन्ही त्यांनीच शिकवलं. इतकं तल्लख डोकं मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि हे मी रागातसुद्धा म्हणते. वाद होता शिक्षा कडक केल्या की गुन्हे कमी होतात का, यावर. आम्ही दोन वेगळ्या बाजूंना होतो; कोण कुठल्या, ते सोडा.

मी एक तक्ता घेऊन गेले. कायदा बदलण्याआधीची पाच वर्षं, नंतरची पाच वर्षं, चार-पाच ठिकाणं. माझ्या बाजूचा. सरांनी पेन्सिल घेतली आणि पहिल्याच रकान्यावर टेकवली.

"सुरुवातीला हेच वर्ष का धरलंस?"

"कायद्याची चर्चा तेव्हा सुरू झाली म्हणून."

"चर्चा का सुरू झाली? त्या वर्षी काहीतरी नेहमीपेक्षा वेगळं घडलं म्हणून. टोकाच्या वर्षानंतर आकडा आपसूक सरासरीकडे येतो, कायदा करा नाहीतर करू नका."

मग नोंदी कोण करतं, ती पद्धत मध्येच बदलली का? शेजारच्या भागात, जिथे कायदा बदललाच नाही, तिथे काय झालं? लोकसंख्येतलं तरुणांचं प्रमाण तेच राहिलं का? दहा मिनिटांत तक्ता भुईसपाट. प्रत्येक प्रश्न रास्त होता. मी चिडले नाही हो, उलट असे गुरू लाभले म्हणून खूश होऊन घरी आले.

काही महिन्यांनी त्यांनी मला बोलावून एक कागद पुढे केला. "वाच. डोळे उघडतील." त्यांच्या बाजूचा होता. एकच ठिकाण. आधीची दोन वर्षं, नंतरचं एक. शेजारच्या भागाचा पत्ता नाही, नोंदींबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं, ते माझी परीक्षा घेतायत. म्हणून मी त्यांचेच प्रश्न त्यांच्याच क्रमाने विचारले. दुसऱ्या प्रश्नाला ते हसतील, "शाब्बास" म्हणतील, अशी माझी खात्री होती.

ते हसले नाहीत. त्यांनी उत्तरं दिली. दोनच वर्षं का? तर त्याआधीच्या नोंदी वेगळ्या व्याख्येने झालेल्या, त्या घेतल्या तर उलट दिशाभूल. शेजारचा भाग का नाही? तिथली वस्ती निराळी, तुलना लंगडी पडेल. एकच ठिकाण का? अंमलबजावणी खरोखर झाली ती तिथेच. बाकी ठिकाणी कायदा कागदावर राहिला. यातलं एकही उत्तर तकलादू नव्हतं. यातलं एकही मला सुचलं नसतं. आणि हीच सवलत माझ्या तक्त्याला मिळाली असती, तर तोही तरला असता.

मी म्हटलं, "सर, माझ्या तक्त्याच्या वेळी तुम्ही…"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू एवढी शिकलीस. मी शिकवलं तुला. तरी तुला हे दिसत नसेल, तर मग एकच अर्थ होतो, तुला बघायचंच नाहीये."

आवाज जराही चढला नव्हता. दारापर्यंत काकू आल्या. "मनावर घेऊ नकोस गं, हल्ली ते सगळ्यांशीच असं बोलतात." ते खरं नव्हतं. सर सगळ्यांशी असं बोलत नसत. चार बुकंही न शिकलेला माणूस त्यांच्याविरुद्ध बोलला की ते कमालीचे मऊ होत, समजूत घालत, उदाहरणं देत. त्याला माहीत नाही, एवढाच त्याचा दोष. माझ्या बाबतीत ती सोय उरली नव्हती. जे त्यांना ठाऊक ते मलाही ठाऊक, कारण त्यांनीच दिलेलं. म्हणजे न शिकलेला विरोधक अडाणी, शिकलेला विरोधक लबाड. "एवढं शिकूनही" या दोन शब्दांत हा सगळा आरोप असतो, आणि तो करणाऱ्याला तो कौतुकासारखा वाटतो. म्हणून तो प्रश्न मला चावतो. कळलं?

त्यानंतर आमचं बोलणं जुजबी झालं, मग तेही थांबलं. खुशाली काकूंकडून कळते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमच्या तक्त्याचं काय? तो कुठे धड होता? इथे मी कान पकडेन अशी अपेक्षा असेल, तर तसं होणार नाही. माझा तक्ता सरांच्या कागदापेक्षा बरा होता, हे मी आजही म्हणते. "तुम्ही तेच म्हणणार", असं तुम्हाला वाटतंय. वाटू दे.

पुढे २०१३ च्या सुमारास येलच्या डॅन कहान यांचा प्रयोग माझ्या वाचनात आला आणि मी तो वर्गात घ्यायला लागले. सुमारे ११०० अमेरिकन लोकांना एक छोटा तक्ता दिला होता. त्वचेच्या नव्या मलमाचा. मलम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ बरं झालं, ७५ जणांचं बिघडलं. न लावलेल्यांत १०७ जणांचं बरं झालं, २१ जणांचं बिघडलं. मलम चांगलं की वाईट? वर्गात निम्म्याहून जास्त हात "चांगलं" म्हणून वर जातात, कारण २२३ डोळ्यांत भरतो. भागाकार करा: लावलेल्यांत एका बिघडण्यामागे तीन बरे, न लावलेल्यांत पाच. मलम वाईट. हिशेबात तरबेज असलेल्यांनी हे जास्त वेळा बरोबर सांगितलं, यात नवल नाही. मग तेच आकडे, फक्त मलमाऐवजी सार्वजनिक ठिकाणी लपवून बंदूक बाळगण्यावरची बंदी आणि पुरळाऐवजी गुन्हे. आता तरबेज मंडळी भागाकार केव्हा करत? वरवर दिसणारं उत्तर आपल्या पक्षाच्या विरुद्ध जात असेल, तेव्हा. सोयीचं असलं की २२३ पाहून खूश. आणि दोन पक्षांच्या लोकांमधली दरी कच्च्या हिशेबवाल्यांपेक्षा पक्क्या हिशेबवाल्यांत मोठी निघाली.

हार्वर्डच्या डेव्हिड पर्किन्सना हे १९८० च्या दशकातच दुसऱ्या वाटेने दिसलं होतं: बुद्ध्यंक जास्त असलेली माणसं स्वतःच्या बाजूची कारणं जास्त देतात, विरुद्ध बाजूची देतातच असं नाही. आपला तो बाब्या, हे पदवीने सुटत नाही. बाब्याची वकिली तेवढी सुधारते.

सरांकडे शिकणारी मी हे ऐकून खवळली असती. तिचा ठाम विश्वास होता की शिक्षण माणसाला वाईट मतांपासून वाचवतं. तिला मी फिलिप लेनार्ड आणि योहानेस स्टार्क यांची नावं सांगितली असती. एकाला १९०५ चं, दुसऱ्याला १९१९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल, दोघेही हिटलरचे पाठीराखे, दोघेही सापेक्षता सिद्धांताला ज्यूंचं भौतिकशास्त्र म्हणून हिणवणारे. ती म्हणाली असती, अपवाद. मी म्हटलं असतं, दोन नोबेलवाले अपवाद आणि शंभरात ५६ जोड्या म्हणजे नियम? ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने बेनिंग्टन काढलं असतं.

आणि बेनिंग्टनला माझ्याकडे नीट उत्तर नाही. थिओडोर न्यूकोंब यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या त्या मुलींच्या कॉलेजचा अभ्यास केला. मुली बहुतेक सधन, रिपब्लिकन, म्हणजे तिथल्या उजव्या पक्षाच्या, घरांतल्या. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या ६२ टक्के मुली रिपब्लिकन लँडनच्या बाजूच्या. वरच्या दोन वर्गांत तेच प्रमाण १५ टक्के. म्हणजे शिक्षणाने मत बदलतं, चांगलं दणकून बदलतं. न्यूकोंब यांचं म्हणणं, तिथे मान कुणाला मिळतो, कुणासारखं व्हावंसं वाटतं, त्याने ते बदललं. मी तेच सांगते: संगत बदलली, बुद्धी नाही. पण धाकटी मी विचारते, त्या मुली तिथे चार पुस्तकंही वाचत होत्या ना? त्यातलं काहीच खरं नसेल? आणि नसेल, तर तू रोज वर्गात उभी राहून काय करतेस? तिला मी उडवून लावते. रात्री परत येते ती.

मागच्या सत्रात एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर मला स्वीडनमधला एक शोधनिबंध आणून दिला, २०२१ चा. कहान यांचा प्रयोग तिथे पुन्हा करून पाहिला होता, आधी आराखडा जाहीर करून. सोयीचं उत्तर पाहण्याची खोड दिसली, पण हिशेब पक्का असला की दरी वाढते, हा भाग मात्र सापडला नाही. म्हणजे मी इतकी वर्षं वर्गात जे सांगत होते, आणि सरांचं वागणं ज्याच्या आधारे स्वतःला समजावत होते, नेमकं तेच.

घरी आल्यावर पेन्सिल घेऊन बसले. माणसं निवडली कशी? प्रश्नांचे विषय तिथे तेवढे तापलेले होते का? हिशेबाची कसोटी तीच होती का? पहाटेपर्यंत चार आक्षेप निघाले. त्यातले दोन दुसऱ्या दिवशी त्या मुलानेच खोडून काढले. तिसऱ्यावर आमचं अजून चाललंय. चौथा मला पटतो.