चुकीचे तीन पर्याय

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘शाळेविषयी चार शब्द लिहा’ असं कळवलं आणि खाली एक ओळ जोडली : महोत्सवी वर्षात खगोल मंडळ प्रश्नमंजुषा घेणार आहे. आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी ती खालची ओळ धरतो आणि मंडळातल्या आजच्या मुलामुलींच्या उपयोगी पडेल असं लिहितो. आकाशाकडे बघायची सवय मला या शाळेने लावली. तिचं देणं फेडायचा मला जमण्यासारखा मार्ग हाच आहे.

खगोलाची प्रश्नमंजुषा ठरली की पहिल्या बैठकीतले प्रश्न ठरलेले असतात. सर्वात मोठा ग्रह कोणता? सर्वात तप्त ग्रह कोणता? चंद्रावर पहिलं पाऊल कुणाचं? ज्याला येतं त्याच्या पदरात यातून नवं काही पडत नाही आणि ज्याला येत नाही त्याला फक्त एक नाव कळतं. प्रश्न शिकवतो तो त्याच्या चुकीच्या पर्यायांतून. प्रत्येक चुकीचा पर्याय म्हणजे कुठल्या तरी मुलाच्या मनात खरोखर असलेली समजूत हवी. चार पर्यायांपैकी तीन उगाच भरलेले असतील तर तो प्रश्न बाद करा, मग तो कितीही छान वाटो.

उदाहरण म्हणून एक कार्ड पूर्ण देतो. प्रश्न : ‘संकष्टीला चंद्र रात्री नऊच्या सुमारास उगवतो. मग पुढच्या विनायकी चतुर्थीला तो साधारण कधी उगवेल?’ पर्याय : (अ) रात्री नऊला, (ब) मध्यरात्रीनंतर, (क) सकाळी नऊ-दहाला, (ड) त्या दिवशी चंद्र उगवतच नाही. उत्तर (क). ‘अ’ निवडणारा चतुर्थी म्हणजे चतुर्थी असं धरून चालला आहे, वद्य आणि शुद्ध यांतला फरक त्याने लक्षात घेतलेला नाही. ‘ब’ निवडणाऱ्याला चंद्र रोज उशिरा उगवतो हे माहीत आहे, पण हिशेब पुढे नेता आलेला नाही. ‘ड’वाल्याच्या मते चंद्र रात्रीचाच. म्हणजे हात कुठे वर गेले यावरून समजावताना कुठून सुरुवात करायची ते कळतं. स्पष्टीकरण एवढंच : चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या वेळी उगवला, म्हणून वद्य चतुर्थीला तीनेक तास उशीर. अमावास्येला तो सूर्याबरोबर उगवतो, म्हणून शुद्ध चतुर्थीला सूर्योदयानंतर तीनेक तासांनी. विनायकीचा चंद्र दिवसभर आकाशात असतोच. आपल्याला तो संध्याकाळी पश्चिमेला दिसतो आणि आपण म्हणतो, ‘उगवला’.

कार्ड पोस्टकार्डाएवढं घ्या. पुढच्या बाजूला प्रश्न आणि पर्याय, मागे उत्तर, चाळीस सेकंदांत वाचून होईल एवढं स्पष्टीकरण, उत्तर ज्या दोन ठिकाणी ताडून पाहिलं त्यांची नावं, ताडल्याची तारीख आणि ताडणाऱ्याची सही. प्रश्न काढणारा आणि ताडणारा एकच नको. आपण लिहिलेल्या वाक्यातली संदिग्धता आपल्याला दिसत नाही, कारण आपल्याला काय म्हणायचं होतं ते डोक्यात असतं. ‘पृथ्वीला सर्वात जवळचा ग्रह कोणता’ हेच पाहा. सर्वात जवळ येतो शुक्र. पण वर्षानुवर्षांच्या अंतराची सरासरी काढली तर बुध जवळचा ठरतो. एखाद्या संघाने हे वाचलेलं असेल तर भांडण होणार आणि त्यांचं म्हणणं खोटं नसणार. ‘सर्वात जवळ येणारा’ असा एक शब्द वाढवला की वाद मिटतो. ‘सूर्य कुठे उगवतो’ याचं उत्तर बरोबर पूर्वेला असं फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच देता येतं. आपल्याकडे तो जून-डिसेंबरात पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेला-दक्षिणेला सरकलेला असतो.

शिळ्या माहितीचा धोका या विषयात फार मोठा. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांत नऊ ग्रह सापडतील. प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी ग्रहाची व्याख्या केली आणि प्लुटो बटुग्रह झाला. सर्वाधिक चंद्र गुरूला की शनीला, याचं उत्तर अलीकडच्या काळात उलटसुलट झालं आहे. मार्च २०२५ मध्ये शनीच्या खाती एकदम १२८ चंद्र जमा होऊन आकडा २७४ वर गेला. असा आकडा विचारायचाच असेल तर प्रश्नातच तारीख घाला. चांद्रयान-३ ‘चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर’ उतरलं असं सर्रास लिहिलं जातं. २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरलं ती जागा सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर आहे, ध्रुवापासून अंदाजे सहाशे किलोमीटर अलीकडे. ‘दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात’ हे बरोबर. वर्तमानपत्रातलं कात्रण हा पुरावा धरू नका, त्या मोहिमेच्या संस्थेनं प्रसिद्ध केलेली माहिती पाहा.

मोठ्या आकड्यांचं भाषांतर ही आणखी एक घसरगुंडी. प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. इंग्रजी पुस्तकातल्या ‘ट्रिलियन’चा लाख कोटी करताना एखादं शून्य हमखास निसटतं. कागदावर सगळी शून्यं मांडून मोजा, इलाज तोच.

तारकांच्या नावांबाबत सावध राहा. मृगातला तांबूस तारा मराठी पुस्तकांत काक्षी म्हणून येतो, तर अनेक ठिकाणी त्यालाच आर्द्रा म्हटलेलं असतं. काही अभ्यासक आर्द्रा मिथुनेत दाखवतात. मतभेद आहेत तिथे नाव विचारू नका, रंग किंवा जागा विचारा. तांबूस का दिसतो, हा प्रश्न तर नावापेक्षा कितीतरी चांगला : पृष्ठभाग सूर्याहून थंड आहे म्हणून.

आपल्या भाषेत आणि कॅलेंडरात खगोल इतकं मुरलेलं आहे की परदेशी प्रश्नसंच उतरवून काढायची गरजच नाही. ७-८ जूनला मृग लागतो. त्या रात्री मृग नक्षत्र आकाशात दिसेल का? बहुतेक हात ‘हो’वर जातात. मृग लागला म्हणजे सूर्य मृगात आला. त्यामुळे ते तारे दिवसा माथ्यावर असतात आणि सूर्याबरोबरच मावळतात. मृग पाहायचा तर डिसेंबर-जानेवारीची रात्र हवी. शेतकऱ्याच्या घरातलं मूल हा प्रश्न ऐकून सरसावून बसतं, कारण अर्धी माहिती त्याच्याकडे आधीच असते. संक्रांतीचंही तसंच. उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतं आणि आपण संक्रांत १४-१५ जानेवारीला करतो. हे तीनेक आठवड्यांचं अंतर पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनामुळे, म्हणजे अक्षाची दिशा भोवऱ्यासारखी हळूहळू फिरत असल्यामुळे पडलं आहे, सुमारे ७२ वर्षांत एक अंश या चालीनं.

मैदानावरच्या काठीच्या सावलीतून निघणारा प्रश्न मला सर्वात आवडतो. ‘आपल्या मैदानावर सावली सर्वात आखूड केव्हा होते?’ जवळजवळ सगळे बाराला म्हणतील. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे परिसर ७३.८५ वर, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे पस्तीस मिनिटांचा फरक. मध्यान्ह येते १२.३५ च्या आसपास, फेब्रुवारीत पावणेएकच्याही पुढे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ ला. पर्याय १२.००, १२.१५, १२.३५ आणि १.०० असे ठेवायचे तर प्रश्नात ‘वर्षाच्या सरासरीने’ हे शब्द पाहिजेतच, नाहीतर नोव्हेंबरात १२.१५ म्हणणारा बरोबर ठरेल. सावली पूर्ण नाहीशी होण्याचा दिवसही याच कुळातला : आपल्याकडे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, दिल्लीत मात्र कधीच नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

पंचवीस प्रश्नांच्या कार्यक्रमासाठी साठ-सत्तर तरी कार्डं तयार करा. मग दुसऱ्या तुकडीतल्या दहा मुलांवर, जी प्रेक्षकांत नसतील अशा, ती वापरून बघा. दहाच्या दहा बरोबर किंवा दहाच्या दहा चूक, तर कार्ड बाजूला. एखाद्या पर्यायाला कुणीच हात लावला नाही, तर तो पर्याय बदला. बरोबर उत्तर सर्वात लांबलचक लिहिलं जातं आणि ‘ब’ किंवा ‘क’वर जाऊन बसतं, ही सवय सगळ्यांना असते, हुशार मूल आकाश न जाणताही तेवढ्यावर गुण मिळवतं. चिठ्ठ्या टाकून अक्षर ठरवा आणि चारही पर्याय साधारण सारख्या लांबीचे करा.

फेऱ्यांमध्ये मी पाटी फेरीला पहिला मान देईन. तीन-तीन जणांचे पाच संघ, प्रत्येकापुढे पाटी आणि खडू. प्रश्न दोनदा वाचायचा, वीस सेकंद, घंटा, पाट्या एकदम वर. ‘पास’ झालेल्या प्रश्नाचे गुण शेजारच्या संघाला आयते मिळतात आणि दुबळ्या संघाच्या पुढे बसलेला संघ विनाकारण पुढे जातो. पाटीत हा अन्याय राहत नाही. बझर ठेवायचाच असेल तर आधी दाबणाऱ्याने बाकीच्यांचे बझर बंद पडतील अशी जोडणी हवी आणि चुकीला वजा पाच हवेत, नाहीतर प्रश्न अर्धा असतानाच बटणं दाबली जातात. वेळेचा हिशेब धरा : वाचन, लेखन, गुण आणि स्पष्टीकरण मिळून दीड मिनिट, टाळ्या-गोंधळ धरून दोन. पंचवीस प्रश्नांना पन्नास मिनिटं. उशीर झाला की सूत्रसंचालक पहिली कात्री स्पष्टीकरणाला लावतो. तसं करू नका, त्यापेक्षा पाच प्रश्न गाळा.

प्रेक्षकांतली तीनशे मुलं नुसती बसून राहिली तर कार्यक्रम पंधरा जणांचा होतो. प्रत्येक पाटी प्रश्नावर त्यांनीही डोळे मिटून, छातीपाशी एक ते चार बोटं धरून उत्तर द्यावं. डोळे मिटल्यामुळे शेजाऱ्याचं बघून बोटं बदलत नाहीत, आणि मंचावरून कुठली चूक पसरलेली आहे ते एका नजरेत दिसतं.

कृती फेरी अवश्य घ्या. सामान : पाच नंबरचा फुटबॉल, टेनिसचा चेंडू, सात मीटर सुतळी. फुटबॉल म्हणजे पृथ्वी, २२ सेंटिमीटर व्यासाची. त्या मापानं चंद्र सहा सेंटिमीटरचा, टेनिसचा चेंडू किंचित मोठा आहे पण चालतो. संघाने चंद्र योग्य अंतरावर नेऊन ठेवायचा. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या डोळ्यांत बसलेल्या असल्यामुळे चेंडू बहुधा हातभर अंतरावर ठेवला जातो. मग सुतळी उलगडा : पृथ्वीचे तीस व्यास, म्हणजे ६ मीटर ६० सेंटिमीटर. एक मीटरच्या आत आलेल्याला दहा गुण, दोनच्या आत पाच. सुतळी ताणली जात असताना सभागृह आपोआप शांत होतं. तेवढ्यात सांगून टाका की याच मापानं सूर्य २४ मीटर व्यासाचा आणि अडीच किलोमीटरहून जास्त लांब.

ध्वनिफेरीला यंत्र लागत नाही. १९६७ साली सापडलेला पहिला स्पंदक (पल्सार, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ ठोके देणारा तारा) दर १.३४ सेकंदाला एक ठोका देतो. टेबलावर त्या गतीनं टिचक्या वाजवून ‘हे काय’ विचारता येतं. आपल्या जिल्ह्यात खोडद आणि आसपासच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असेच रेडिओ संकेत टिपतात आणि त्यांना दिवस-रात्र किंवा ढगांची अडचण होत नाही. ‘खोडदची दुर्बीण दुपारी काय करते’ हा पाठोपाठचा प्रश्न.

चित्रफेरीत चुका तांत्रिक असतात. सभागृहात पूर्ण अंधार होत नाही आणि प्रोजेक्टरवर बारीक तारे विरून जातात, म्हणून तारकासमूह पांढऱ्यावर काळे ठिपके असे दाखवा आणि ठळक तारे मोठे करा. फाइलला ‘शनी’ असं नाव दिलं तर उघडताना ते पडद्यावर झळकतं. नुसते क्रमांक द्या. मृग पूर्वेला उगवताना आडवा असतो, चित्रात उभा. उत्तरेचं आणि दक्षिण गोलार्धाचं छायाचित्र तर एकमेकांच्या उलटं. अवकाश दुर्बिणींच्या चित्रांतले रंग पुष्कळदा नंतर दिलेले असतात, तेव्हा रंगावर प्रश्न नको.

बरोबरी सुटण्यासाठी आकड्याचे चार प्रश्न राखून ठेवा, ज्यात जवळचा आकडा जिंकतो. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी किती वेळात मारते? २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद. चंद्रावरचा प्रकाश इथे यायला किती? १.२८ सेकंद.

तारीख निवडताना डिसेंबर ते फेब्रुवारीमधली संकष्टी घ्या. सातला सुरुवात करा, म्हणजे बक्षिसं वाटून साडेआठला संपेल. शेवटचा प्रश्न सभागृहात विचारा आणि उत्तर मैदानावर बघा : चंद्र किती वाजता दिसेल? पंचांगातली वेळ ज्या शहराची दिली असेल ती तुमच्या गावाची आहे का ते आधी पाहा. मुंबई आणि नागपूर यांत २५ मिनिटांचा फरक पडतो. शिवाय ती वेळ सपाट क्षितिजाची असते. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. पूर्वेची झाडी अर्धी मूठ उंच असेल तर चंद्र आणखी वीस मिनिटांनी दिसेल. उत्तराच्या कार्डावर ती मिळवलेली वेळ लिहा, आणि मोजणी आदल्या संध्याकाळी मैदानाच्या त्याच कोपऱ्यात उभं राहून करा जिथे मुलं बसणार आहेत.