लातूरला घर बांधताना : परवानगी ते भोगवटा

घर बांधायचं म्हटल्यावर मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर, परवानगीचं कशाला घेऊन बसलाव? ह्या लाइनीत कुणी घेतलीय?" खोटं नव्हतं ते. आमच्या अर्ध्या गल्लीत गुंठेवारीचे, म्हणजे मंजूर रेखांकनाशिवाय तुकडे पाडून विकलेले प्लॉट आहेत. पण आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या चुलत्यांचं माळवदाचं घर खाली बसलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर टनावारी मातीचा भार. पुढचं घर रीतसर नकाशावरच, हे अण्णांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

प्लॉट एन.ए. (बिगरशेती) लेआउटमधला, आम्हा दोघा भावांचा मिळून 4,000 चौरस फूट. एन.ए. आदेश, मंजूर रेखांकनाची प्रत, सातबारा, कराची पावती हे सगळं घरात होतं. तरी आर्किटेक्ट मॅडमनी आधी भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून घ्यायला लावली. तेच बरं झालं. मागच्या शेजाऱ्यांची भिंत थोडी आमच्या हद्दीत निघाली. मोजणीचा नकाशा समोर ठेवून बोललो, गोडीत मिटलं. नकाशा मंजूर झाल्यावर हा वाद निघाला असता तर मागचं सामासिक अंतरच, म्हणजे हद्द आणि घर यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागाच चुकली असती. माझ्या एका सहकाऱ्याची जमीन मूळ इनामाची, म्हणजे जुन्या राजवटीने बक्षीस दिलेली निघाली. त्यांना थेट खासरा पत्रकापर्यंत, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदींपर्यंत मागे जावं लागलं, उर्दू कागद वाचणारा माणूस शोधावा लागला. मराठवाड्यात प्लॉट घेणाऱ्याने सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग (जमीन विनाअट मालकीची की सरकारी अटींची) आधी बघावा, प्लॉटचा भाव मग.

डिसेंबर 2020 पासून मुंबई सोडून बहुतेक राज्याला बांधकाम परवानगीची एकच नियमावली आहे. सगळे तिला यूडीसीपीआरच म्हणतात. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या साध्या घराला तिच्यात सोपी वाट आहे : परवानाधारक तांत्रिक माणसाने नकाशा प्रमाणित करायचा, शुल्क भरायचं, पावती घ्यायची. 300 पर्यंतही काम लवकर होतं. आमचा प्लॉट त्याहून मोठा, सुमारे 370 चौरस मीटर, म्हणून पूर्ण प्रक्रिया लागली. फाइल ऑनलाइन गेली, विकास शुल्क आणि एक टक्का कामगार उपकर भरला. त्रुटीचं पत्र आलं, त्याचं उत्तर मॅडमनी लगेच दिलं. कायद्यातली 60 दिवसांची मुदत त्रुटीच्या उत्तरापासून नव्याने मोजतात, त्यामुळे उत्तराला उशीर केला तर तोटा आपलाच.

नकाशावर घरात एकच वाद झाला. वहिनींना स्वयंपाकघराला लागून बाजूच्या मोकळ्या जागेत कोठीची खोली हवी होती. मॅडम म्हणाल्या, "ताई, ही जागा उजेडासाठी, वाऱ्यासाठी आणि आग लागली तर माणूस आत शिरायला ठेवलेली असते." शेवटी कोठी जिन्याखाली नेली.

पण मला खरं सांगायचंय ते कॉलमबद्दल. जुन्या भूकंप नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 च्या आय.एस. 1893 मध्ये, म्हणजे भूकंपाचा विचार करून बांधकामासाठी केलेल्या भारतीय मानकात, तो तिसऱ्या विभागात आला. नकाशासोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडतात, त्याला खरी किंमत येते ती साइटवर. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगते. म्हणून फुटिंग (कॉलमचा पाया) ती ओलांडून कठीण मुरमात नेलं. सळई बांधून झाल्यावर इंजिनिअर आले आणि कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांची टोकं बघायला लागले. मिस्त्रींनी ती नेहमीसारखी काटकोनात वाकवली होती. इंजिनिअरनी पक्कड मागून घेतली, एक टोक आत, कॉलमच्या गाभ्याकडे, 135 अंशांत वळवून दाखवलं. हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट निघून पडलं की काटकोनातलं टोक उघडतं, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फाकतात. आत वळलेलं टोक गाभ्याला धरून राहतं. बीम जिथे मिळतो तिथे वर-खाली रिंगा जवळजवळ हव्यात, हेही त्यांनी मोजून दाखवलं. मिस्त्रींनी कुरकुर न करता सगळ्या रिंगा बदलल्या. वरच्या मजल्याला तर माणसांना तेच शिकवायला लागले. काँक्रीट पडलं की यातलं काहीच दिसत नाही, म्हणून प्रत्येक कॉलमचे फोटो काढून ठेवले.

जोत्यापर्यंत काम आल्यावर तपासणीसाठी कळवलं. मंजूर नकाशाप्रमाणे सगळी अंतरं जुळली, मगच वर गेलो. पुढे भावाने जिन्याची दिशा बदलायचं काढलं. त्याचा सुधारित नकाशा आधी मंजूर करून घेतला. काम थांबलं, भावाची चिडचिड झाली, पण भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे घर राहायला वापरण्याच्या परवानगीच्या वेळी एकही शेरा आला नाही. त्याच प्रमाणपत्रावर बँकेने शेवटचा हप्ता सोडला. अण्णांनी ते मोजणी नकाशासोबत एकाच फाइलीत लावलंय, कॉलमचे फोटोही त्याच फाइलीत आहेत.