जुन्या मियाटाचा क्लच आणि पाइपातली हवा : माझा अनुभव

न्यू जर्सीतल्या मुक्कामात घेतलेल्या माझ्या १९९५ सालच्या माझदा मियाटाचा क्लच गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस बिघडला. रिव्हर्स टाकताना करकर होई, पहिला गिअर अडे आणि पेडल भराभर दोन-तीनदा दाबले तरच तो पडे. ज्या गॅरेजला मी गाडी दाखवली, त्यांनी ती वर न उचलताच क्लचप्लेट संपल्याचे आणि गिअरबॉक्स उतरवावा लागणार असल्याचे सांगितले. तो निष्कर्ष मला आजही खटकतो, कारण लक्षणे उलट बोलत होती.

क्लचप्लेट झिजली की क्लच घसरतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. माझ्या गाडीत तसे मुळीच होत नव्हते. पेडल दाबूनही तिचा क्लच पुरता सुटत नव्हता, म्हणजे इंजिनाचा गिअरबॉक्सशी संबंध पूर्ण तुटत नव्हता. त्यातही पेडल भराभर दाबल्यावर फरक पडतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा तेलाच्या दाबात असतो. मियाटात क्लच पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरमधून निघालेला ब्रेक ऑइलचा दाब गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि त्याची दांडी क्लचचा फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारी तरफ, ढकलते. हा स्लेव्ह गळणे हे या गाडीचे जुने, सर्वांना ठाऊक असलेले दुखणे आहे. गाडी भक्कम स्टँडवर घेऊन मी त्याचे रबरी बूट (टोकावरचे आवरण) जरासे सरकवले, तेव्हा आतून काळपट तेल ओघळले. एवढी तपासणी करायला त्या गॅरेजला फारसा वेळ लागला नसता.

दोन्ही सिलिंडर मी नवे बसवले. सील एकाच वयाचे असतात, त्यामुळे एकच बदलला तर दुसरा लवकरच गळण्याची शक्यता असते. खरी अडचण त्यानंतर आली, ती पाइपात अडकलेल्या हवेची. पत्नी पेडल दाबून धरी, मी खाली स्लेव्हवरचे निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडून हवा व तेल बाटलीत सोडून ते बंद करी आणि मगच ती पेडल वर येऊ देई. ही नेहमीची पद्धत आम्ही थकेपर्यंत चालवली, बाटलीत बुडबुडे येणेही थांबले, तरी पेडल मऊच राहिले आणि रिव्हर्सची करकर गेली नाही. त्याच गॅरेजला फोन केला, तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याचाच सल्ला मिळाला. माझा संयम तेव्हा संपत आला होता. पण नव्या सिलिंडरांनंतरही पेडल मऊ राहते याचा अर्थ हवा आतच आहे, हे मला पटलेले होते.

तेलाचा पाइप इंजिनामागच्या भिंतीलगत आडवा जाऊन मग खाली उतरतो. वरच्या भागात बसलेला बुडबुडा पेडलच्या एका दाबाने थोडा पुढे सरकतो आणि हलका असल्याने परत वर चढतो. म्हणून मी त्याला वरूनच बाहेर काढायचे ठरवले. स्लेव्हचे दोन बोल्ट काढून तो पाइपासह मोकळा केला, निपल बंद ठेवले आणि त्याचा पिस्टन अंगठ्याने सावकाश आत दाबला. तेल उलट दिशेने मास्टरच्या टाकीकडे गेले आणि तिथे बुडबुडे फुटताना दिसले. आतली स्प्रिंग पिस्टनला बाहेर आणू देत, त्याला हाताने अडवत, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत हेच केले. स्लेव्ह मोकळा असताना पेडलला कुणीही पाय लावू नये, नाहीतर पिस्टन बाहेर उडतो. टाकीही काठोकाठ भरू नये. सांडलेले ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे ते लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

स्लेव्ह परत बसवल्यावर पेडल पहिल्याच दाबाला घट्ट लागले आणि रिव्हर्स आवाज न करता पडला. मला त्याचा फार आनंद झाला. गॅरेजने संपली म्हटलेली क्लचप्लेट अजून गाडीत आहे आणि चढावर घसरत नाही.

आधीच सांगायला हवे होते ते असे, की मास्टरच्या पाइपाचा १० मिलिमीटरचा नट साध्या पान्याने सोडवू नये. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तो गंजलेला असतो आणि त्याचे कोपरे झिजतात. त्याला चहूबाजूंनी धरणारा, पाइपाच्या नटांसाठीचाच पाना घ्यावा. बाहेर कुठेही गळती नसताना दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टरचा आतला सील गेलेला असू शकतो; पेडलच्या वरच्या बाजूला, मास्टरमध्ये जाणाऱ्या दांडीपाशी बोट फिरवून तेल लागते का, तेही पाहावे.