तुम्ही विचारलेत म्हणून : चुकलेल्या पंचाचे काय करायचे?

शिट्टी खाली ठेवून आता काही वर्षे झाली, तरी कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की मला एकच प्रश्न दोन बाजूंनी विचारला जातो. एक बाजू जाब विचारणाऱ्यांची आहे : खेळाडू चुकला तर त्याला बाहेर बसवतात, संघ हरला तर प्रशिक्षकाला काढतात, मग पंच चुकला तर त्याला जबाबदार कोण धरणार? दुसरी बाजू सहानुभूतीची आहे : तुमच्या वेळी व्हीएआर, म्हणजे चित्रण पाहून मैदानावरच्या पंचाला मदत करणारा पंच, असता तर तुमच्यावर ती वेळ आली नसती, नाही का? दोन्ही प्रश्न विचारणारे माझ्या उत्तरासाठी फारसे थांबत नाहीत, कारण उत्तर त्यांच्यापाशी आधीच तयार असते. मीही आजवर हसून विषय बदलत आलो. या वेळी बदलत नाही.

पंचाला शिक्षा होत नाही, हा गॅलरीतला समज आहे. शिक्षा होते. पुढच्या सामन्याच्या यादीत नाव नसते, त्याच्या पुढच्या यादीतही नसते, आणि कोणी काही बोलत नाही. चहाच्या टपरीवर भेटलेला सहकारी तुमच्याकडे पाहून उगाचच घाईत निघून जातो, तेव्हा तुम्हाला कळते. ही शिक्षा पुरेशी कठोर असते, पण तिच्यात उत्तरदायित्व औषधालाही नसते, कारण उत्तर द्यायला आधी कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो. मला शिक्षेची तक्रार करायची नाही. मला कधीही, कोणीही, ‘तुम्ही तसा निर्णय का दिलात?’ असे समोर बसवून विचारले नाही, ही माझी तक्रार आहे.

तो प्रसंग इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, पण जो माहीत आहे तो मोबाइलवरचा आहे, म्हणून माझ्या बाजूने एकदा सांगतो. सामना ईर्षेचा होता, दोन्ही बाजूंच्या पेठा गॅलरीत होत्या, आणि एक संघ एका गोलने पुढे होता. खेळ संपायला थोडाच वेळ उरला असताना मागे पडलेल्या संघाच्या मधल्या फळीतील खेळाडूने लांबून फटका मारला. गोलरक्षकाने तो वर उडवला, चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे पडू लागला, आणि त्याने वळून, अंग टाकून, गुडघ्याच्या उंचीवर असलेला चेंडू एका हाताने बाहेर ओढला. ही हालचाल वाचायला जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळात झाली. मी पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर, तिरक्या बाजूला होतो. सहायक पंच नियमाप्रमाणे शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत होता, म्हणजे गोलरेषेपासून बराच अलीकडे. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने निशाण उचलले नाही, मान मात्र स्पष्टपणे नकारार्थी हलवली. मी खेळ पुढे चालू ठेवण्याची खूण केली.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे : आधी आरडाओरडा, मग मैदानात प्लास्टिकच्या बाटल्या, मग सामना संपल्यावर पोलिसांच्या कड्यातून आम्हा चौघा पंचांचे बाहेर पडणे. यातले काहीही माझ्यासाठी नवे नव्हते. नवे होते ते रात्री आलेले दहा-बारा सेकंदांचे चित्रण, जे मला पाठवणाऱ्यांत माझे दोन सख्खे नातेवाईकही होते. त्यात चेंडू गोलात दिसत होता. मी ते पुन्हा पुन्हा पाहिले आणि प्रत्येक वेळी मलाही तो गोलातच दिसला.

दोन दिवसांनी आयोजकांपैकी एका पदाधिकाऱ्याची गाठ पडली. वयाने माझ्याहून लहान, बोलायला अदबीचा. त्याने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, “सर, व्हिडिओत तर बॉल आत दिसायलाय की.” मी विचारले, “हे कुठे उभे राहून काढलंय?” तो म्हणाला, “त्याचं काय करायचंय आता?” मी सामन्याच्या रात्रीच सविस्तर अहवाल लिहून दिला होता, कोण कुठे उभा होता, चेंडू कोणत्या उंचीवर होता, सहायकाने काय खूण केली, हे सगळे त्यात होते. तो वाचला का, असे मी विचारले. त्याने फोन खिशात ठेवला. त्या स्पर्धेच्या उरलेल्या सामन्यांच्या यादीत माझे नाव आले नाही, आणि त्याच आठवड्यात शाळेत माझ्या मुलाला कोणीतरी विचारले की, तुझ्या बाबांना किती मिळाले. मुलाने हे मला सांगितले नाही, त्याच्या आईला सांगितले, आणि तिने मला सांगावे की नाही याचा बरेच दिवस विचार केला.

आता त्या चित्रणाबद्दल. ते मैदानाच्या मध्याजवळ, गॅलरीत उंचावर उभे राहून काढलेले होते. कॅमेरा उंचावर आणि मैदानाच्या बाजूला असेल, आणि चेंडू हवेत असेल, तर डोळ्यातून चेंडूपर्यंत ओढलेली सरळ रेषा पुढे जाऊन जमिनीला चेंडूच्या पलीकडे टेकते, म्हणून चेंडू प्रत्यक्षात असतो त्याहून गोलात जास्त खोल गेलेला भासतो. तोच क्षण गोलच्या मागच्या गॅलरीतून टिपला असता तर चेंडू मैदानाकडे सरकलेला दिसला असता. गोल होण्यासाठी संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे जावा लागतो, आणि चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर असतो. तिरक्या नजरेची फसवणूक तेवढे अंतर सहज खाऊन टाकते. ज्यांना हे माझे पुस्तकी समर्थन वाटते त्यांनी विश्वचषकातला १ डिसेंबर २०२२ चा जपान-स्पेन सामना आठवावा. जपानच्या मितोमाने मागे ओढलेल्या चेंडूवर त्याच्याच संघातल्या तनाकाने गोल केला, तेव्हा बाजूच्या छायाचित्रांत चेंडू रेषेबाहेर जमिनीवर स्वच्छ दिसत होता. वरून घेतलेल्या चित्रात मात्र चेंडूचा फुगीर कडेचा भाग अजून रेषेच्या वर होता, गोल कायम राहिला, जपान २-१ ने जिंकला आणि त्याच गटातली जर्मनी स्पर्धेबाहेर गेली. छायाचित्रे खोटी नव्हती, ती चुकीच्या जागेवरून काढलेली होती.

पण हा युक्तिवाद मी जितक्या तावातावाने करतो तितका तो माझ्यावरच उलटतो, हेही लिहिले पाहिजे. सहायक पंचही रेषेवर नव्हता, तोही मैदानाच्याच बाजूला होता, आणि त्याच्या व चेंडूच्या मध्ये गोलरक्षकाचे अंग होते. मी तर आणखी वाईट जागी होतो. गॅलरीतल्या त्या मुलाच्या फोनला चेंडू आत गेला हे ठरवता येत नव्हते, तसे आम्हाला तो आत गेला नाही हेही ठरवता येत नव्हते. खात्री नसेल तर गोल द्यायचा नाही, हा आमचा नियम, आणि तो नियम मी पाळला. चेंडू रेषेपार गेला होता का? मला माहीत नाही. हे उत्तर जाब विचारणाऱ्यांनाही आवडत नाही आणि सहानुभूतीवाल्यांनाही.

म्हणून व्हीएआर असता तर मी सुटलो असतो का, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे की त्या एका क्षणापुरता, रेषेच्या नेमक्या सरळीत कॅमेरा असता तर, हो. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा फटका रेषेच्या चांगलाच पलीकडे टप्पा घेऊन बाहेर आला आणि पंचांना तो दिसला नाही; २०१२ मध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळाने गोलरेषेच्या तंत्राला, म्हणजे चेंडू रेषेपार गेला की पंचाला कळवणाऱ्या यंत्रणेला, मान्यता दिली. तिथे प्रश्न मोजमापाचा होता आणि यंत्र मोजमाप उत्तम करते. व्हीएआर ही गोष्ट वेगळी आहे. २०१८ मध्ये तो नियमांत आला तो गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेले कार्ड एवढ्याच चार बाबींसाठी, आणि तोही ‘स्पष्ट आणि उघड चूक’ असेल तरच. चूक स्पष्ट आहे की नाही, हे पुन्हा एका खोलीत बसलेला माणूसच ठरवतो.

त्या खोलीत काय होते याचे उदाहरण मी नेहमी देतो. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियासचा गोल मैदानावर ऑफसाइड ठरवला गेला. व्हीएआरच्या खोलीत तो ऑफसाइड नव्हता हे अचूक दिसले. पण तिथल्या पंचाचा समज असा झाला की मैदानावर गोल दिलेलाच आहे, म्हणून त्याने ‘तपासणी पूर्ण’ एवढेच कळवले, खेळ सुरू झाला, आणि चूक लक्षात येईपर्यंत नियमाने मागे फिरता येत नव्हते. कॅमेरे अचूक होते, रेषा अचूक होत्या, डोळेही अचूक होते. गोंधळ झाला तो दोन माणसांच्या बोलण्यात. तिथल्या पंचांच्या संस्थेने त्याच दिवशी चूक मान्य केली, त्या खोलीतील दोघांना पुढच्या सामन्यांवरून बाजूला केले, आणि काही दिवसांत त्या खोलीतले संभाषण लोकांना ऐकवले. लिव्हरपूलला गुण परत मिळाले नाहीत. पण चूक कशी झाली हे ज्याला ऐकायचे होते त्याला ऐकता आले, आणि खरे सांगायचे तर मला त्या पंचाचा काहीसा हेवाच वाटला.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर बंगळूरच्या संघाकडून सुनील छेत्रीने झटपट फ्री किक घेऊन गोल केला आणि केरला ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. व्हीएआर नव्हता म्हणून हे घडले, असे तेव्हा सगळीकडे म्हटले गेले. परंतु तो वाद चेंडूच्या जागेचा नव्हताच. बचाव फळी उभी राहण्याआधी फ्री किक घेण्याची मोकळीक होती का, पंच आणि खेळाडू यांच्यात नेमके काय बोलणे झाले, हा होता. ते गॅलरीतल्या कोणत्याही कॅमेऱ्यात येत नाही. केरला ब्लास्टर्सला ४ कोटींचा दंड झाला, त्यांच्या प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी आली. दंडाचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. पंचाचे म्हणणे काय होते, हे आज कितीजणांना सांगता येईल?

इथे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर तो हसेल, कारण नव्या पंचांच्या वर्गात मीच वर्षानुवर्षे सांगत आलो की शिट्टी फुंकली की विषय संपला, कारण सांगायला लागलात की बाजार भरतो. ते मी पोकळ अधिकारापोटी सांगत नव्हतो. मैदानावर बावीस खेळाडूंना बावीस कारणे देत बसलो असतो तर एकही सामना अंधार पडण्याआधी संपला नसता. पण मैदानावर गप्प राहण्याचा तो नियम आम्ही मैदानाबाहेरही पाळला, आणि आमच्या गप्प बसण्याचा अर्थ लोकांनी आपल्या परीने लावला. २०२३ च्या महिला विश्वचषकात व्हिडिओ पाहून आल्यावर पंच आपला निर्णय माइकवरून साऱ्या मैदानाला सांगत होत्या. त्यामुळे बाजार भरलेला मला दिसला नाही.

तरीही कोल्हापूर म्हणजे इंग्लंड नव्हे, ही माझी जुनी हरकत मी सोडलेली नाही. तिथे पंचाला आपण कोणत्या क्लबचे समर्थक आहोत हे आधी जाहीर करावे लागते आणि त्या क्लबचे सामने त्याला दिले जात नाहीत. हा नियम आपल्याकडे लावला तर इथल्या शाहू स्टेडियमवर शिट्टी वाजवायला माणूस उरणार नाही, कारण इथे प्रत्येक पंच कोणत्या ना कोणत्या पेठेत जन्मलेला आहे, त्याचा चुलतभाऊ कोणत्या तरी तालमीत, म्हणजे फुटबॉल संघ चालवणाऱ्या मंडळात, आहे, आणि तो कोणत्या गल्लीत राहतो हे हरलेल्या संघाला पत्ता न विचारता माहीत असते. तिथला व्यावसायिक पंच पगारावर जगतो. इथला नोकरीतून सुट्टी टाकून येतो. वीस-बावीस वर्षांच्या पोराचा चुकीचा निर्णय नावासकट, संभाषणासकट जाहीर करायचा म्हणजे त्याला त्या संध्याकाळी घरी कोण सोडणार, हेही ठरवावे लागेल.

तंत्राच्या बाबतीत मात्र आता ‘आपल्याला परवडत नाही’ ही सबब पुरी पडत नाही. फिफाने २०२४ मध्ये कोलंबियातील वीस वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात एक स्वस्त पद्धत वापरून पाहिली. तिच्यात वेगळी खोली नाही, वेगळे पंच नाहीत. प्रत्येक प्रशिक्षकाला दोन वेळा दाद मागता येते, दाद बरोबर ठरली तर ती संधी शिल्लक राहते, आणि मैदानावरचा पंच स्वतःच पडद्याशी जाऊन उपलब्ध चित्रण पाहतो. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे शिकवावे लागणार नाही. आपले सामने यूट्यूबवर दिसतातच, म्हणजे कॅमेरा आहे. तो चालवणारा कोणत्या तालमीचा, असा प्रश्न पहिल्याच दिवशी निघेल, याबद्दल मला शंका नाही. आणि गॅलरीतला कॅमेरा रेषेबद्दल काय सांगू शकतो, हे वर लिहिलेच आहे. गोलरेषेच्या सरळीत दोन्ही टोकांना कॅमेरे नसतील तर ही सगळी व्यवस्था करून आपण त्याच दहा-बारा सेकंदांना मोठा पडदा मिळवून देऊ.

त्या दिवशीचा माझा सहायक आज मुख्य पंच म्हणून चांगले काम करतो. आम्ही यावर अनेकदा बोललो. गोलरेषेवर कॅमेरा हवा, आणि वादग्रस्त सामन्यानंतर पंचांचा अहवाल व चित्रण पंचांना समोर बसवून एकाच बैठकीत पाहिले जावे, इथपर्यंत आमचे एकमत आहे. पुढचे नाही. तो म्हणतो, बैठकीत जे ठरेल ते नावासकट वर्तमानपत्रात द्या, निदान कोणी घरच्यांना पैशांबद्दल विचारणार नाही. मी म्हणतो, निर्णय आणि कारण द्या, नाव देऊ नका. तो म्हणतो, “सर, नाव तर त्यांना आधीच माहीत असतंय.” यावर मला अजून उत्तर सापडलेले नाही, आणि नाव देऊ नये हे माझे मतही बदललेले नाही.