चित्रं काढून पोट भरते का?

शाळा सुटलेल्या, नाक्यावर बसून दिवस काढणाऱ्या पोरांना मी रंग, माती, बांबूच्या कामाला लावतो. त्यामुळे नागपुरात कुठेही लग्नाला गेलो की पंगतीत कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, चित्रं काढून या पोट्ट्यांचं पोट भरते का?" खरं सांगतो: बहुतेकांचं नाही भरत. त्यांनी चित्रकार व्हावं अशी माझी अपेक्षाही नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या मारबतीच्या, म्हणजे वाईट घालवायला मिरवून जाळायच्या मोठ्या पुतळीच्या, मिरवणुकीत जरा बडग्यांकडे, म्हणजे सोबतच्या पुतळ्यांकडे, बघा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. त्यांच्यासोबत महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांना टोमणे मारणारे बडगे असतात. ते उभे करणारी पोरं वस्तीतलीच. जो दहावीत नापास झाला, 'काहीच करत नाही' म्हणून घरी रोज बोलणी खातो, तोच वर्गणी मागतो, बांबू कुठे स्वस्त मिळते ते हुडकतो, सांगाडा बांधतो, विषयावरून भांडतो, पाटीवरची ओळ खोडून पुन्हा लिहितो. आणि मारबत काही पुढे ढकलता येत नाही. त्या सकाळी बडग्या तयार नसला तर मोहल्ला वर्षभर चिडवेल.

म्हणजे पैशांचा हिशेब, माणसं जमवणं, मुदत पाळणं हे त्याला येतं. मी फक्त तेच उरलेल्या महिन्यांत, पैसे मोजणाऱ्या माणसासाठी करायला लावतो. गणपतीच्या आधी चितार ओळीत, म्हणजे नागपुरातल्या मूर्तिकारांच्या गल्लीत, हात कमी पडतात. नवख्याला तिथे आधी माती मळायला बसवतात, मग साचा, मग खालचा रंग. मूर्तीचे डोळे आखायला मिळणं फार पुढची गोष्ट. "मी तर चेहरे काढतो न सर, माती काहून मळू?" अशी कुरकुर होतेच. होऊ द्यावी. दुसऱ्याच्या दुकानात सकाळी वेळेवर जायची सवय भाषणानं लागत नाही, आणि पुढच्या कुठल्याही नोकरीत पहिल्यांदा तीच बघतात.

दिवाळीनंतर झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावाकडच्या नाटकांचा, हंगाम येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. त्यांना नटांइतकीच पडदे, लाइट, साउंड आणि मेकअपची माणसं लागतात. चार लोकांत तोंड न उघडणारा पोट्टा लाइटमागे पहाटेपर्यंत जागा राहतो, हे मी पाहिलंय.

माझ्याकडे आलेल्या एकाला सरळ रेघ येत नव्हती. पण कोणत्या डब्यात किती रंग उरला, कोणाची किती मजुरी बाकी, हे त्याला तोंडपाठ. आज तो लग्नाच्या मंडप-सजावटीची कामं सांभाळतो. चित्र अजूनही येत नाही.

ज्याचा हात खरंच चालतो त्याची वाट निराळी. शाळेत असेल तर एलिमेंटरी, इंटरमीजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा द्यायला लावतो. इंटरमीजिएटचे दहावीत वाढीव गुण मिळतात. शाळा सुटली असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरून आधी दहावी, मग बारावी. त्याशिवाय चित्रकला महाविद्यालयाचं स्वप्न दाखवणं मला पटत नाही.

तीन दिवसांचं शिबिर, शेवटी पाहुण्यांसोबत फोटो आणि प्रमाणपत्र, असल्या बोलावण्यांना मी जात नाही. बेकार पोराला आणखी एक कागद देऊन काय होणार? थोडी का होईना, मजुरी द्या, आणि किती ते पहिल्याच दिवशी सांगा.

मुलींचं कोडं मात्र मला अजून सुटलेलं नाही. बडग्याभोवती सगळा पोरांचाच घोळका, झाडीपट्टीच्या रात्रींना घरचे सोडत नाहीत. दुपारची वेळ ठेवली तेव्हा काही जणी आल्या. रांगोळी, मेंदी, ब्लाउजवरचं आरीकाम. हात पोरांपेक्षा साफ. पण कमाई घरात गेली की मुलीच्या हातात किती उरते, हे विचारायला गेलो तर त्यांच्या आयाच माझ्याशी बोलायच्या बंद होतात.