एका वर्षाचा अनुभव, पण कागदावर

क्रिटिकल केअरमध्ये, म्हणजे आयसीयूतल्या नर्सिंगमध्ये, पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर आधी अनुभवाच्या दाखल्याचं सांगते, कोर्सचं नंतर. कारण सगळं अडलं ते तिथेच.

एम.एस्सी. नर्सिंगला बी.एस्सी.त 55 टक्के आणि त्यानंतर किमान 1 वर्षाची नोकरी लागते, हे प्रत्येकीला तोंडपाठ असतं. दाखल्यात नेमकं काय लिहिलेलं हवं, ते मात्र कोणी सांगत नाही. हॉस्पिटलच्या एचआरने मला दिलेलं पहिलं पत्र दोन ओळींचं होतं: गेल्या दीड वर्षापासून आमच्याकडे कार्यरत, वर्तणूक चांगली. पडताळणीच्या टेबलावरून ते लगेच परत आलं. तारखा नाहीत, पद नाही, विभाग नाही. दुसऱ्या पत्रात तारखा आल्या, पण खाली नुसता सहीचा फराटा. कोणाची सही, काय पद, पत्ताच नाही. शिवाय रुजू झाल्यावर दोन महिन्यांनी माझं राज्याच्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालेलं, ते दोन महिने धरलेच नाहीत. बाकीचे वर्षाच्या वर भरत होते म्हणून निभावलं. चौथ्या वर्षातली इंटर्नशिपही यात मोजू नका.

एचआरचं पालुपद एकच, "सिस्टर, आमचा फॉरमॅट हाच आहे." शेवटी मजकूर स्वतः टाइप करून मेट्रनकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या नर्सिंग प्रमुखांकडे नेला, तेव्हा अर्ध्या तासात काम झालं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्या मजकुरात हे होतं: रजिस्ट्रेशनवर आहे तसंच पूर्ण नाव, रजिस्ट्रेशन नंबर, स्टाफ नर्स हे पद, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, कोणता आयसीयू आणि त्यात खाटा किती, हॉस्पिटलच्या एकूण खाटा, जावक क्रमांक, सही करणाऱ्याचं नाव, पद आणि गोल शिक्का. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत हवाच. एजन्सीमार्फत कंत्राटावर असाल तर एजन्सीचं पत्र वेगळं आणि हॉस्पिटलचं वेगळं घ्या. पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.

आता कोर्स. एम.एस्सी.त क्रिटिकल केअर हा स्वतंत्र विषय नसून मेडिकल सर्जिकल नर्सिंगची उपशाखा आहे. माहितीपत्रकावर 'मेडिकल सर्जिकल' वाचून हुरळून जाऊ नका. त्या कॉलेजात प्रत्यक्षात फक्त कार्डिओ किंवा न्यूरो चालू असू शकतं. फोन करून उपशाखेचं नाव विचारा. दुसरी वाट नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, म्हणजे एनपीसीसी. तीही 2 वर्षांचीच, पण रेसिडेन्सी पद्धतीची. वर्गापेक्षा आयसीयूत जास्त वेळ जातो. पेशंटजवळच राहायचं असेल तर एनपीसीसी, शिकवायचं असेल तर एम.एस्सी., असं माझं मत. तरी ज्या पदावर डोळा आहे त्याच्या जाहिरातीत कोणती पात्रता लिहिली आहे ते आधी वाचा. पोस्ट बेसिक डिप्लोमा 1 वर्षाचा, कामाला चांगला, पण ती पदव्युत्तर पदवी नव्हे.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत राहू द्या, आयसीयूत जा, तेही ड्युटी बदलायच्या वेळी. व्हेंटिलेटर किती चालू आहेत, व्हेंटिलेटरवरचे किती पेशंट एका सिस्टरकडे आहेत, एबीजीचा (धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा) रिपोर्ट आला की विद्यार्थिनीला वाचायला देतात की ती नुसती सॅम्पल घेऊन लॅबला पळते, हे बघा. शेवटचं दिसलं तर तिथे तुम्ही स्टाफची कमतरता भरून काढणार, एवढंच. स्टायपेंड किती, तेही लेखी घ्या. गाइडकडे आधीच किती जणींचे प्रबंध आहेत ते सीनियरना विचारा, ऑफिसात नको.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारखं (सीएमसी) बाहेरच्या राज्यातलं कॉलेज मनात असेल, तर तिथल्या कौन्सिलच्या नोंदणीचं आधी विचारून घ्या. आपल्या कौन्सिलची एनओसी लागली तर तिला वेळ जातो. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाची तारीखही तेव्हाच बघून ठेवा.

आणि हो, दाखल्याच्या सही-शिक्क्यानिशी तीन मूळ प्रती घ्या. एक कॉलेजात जमा झाली की परत मागायला पुन्हा अर्ज करावा लागतो.