रिमूव्हमधून एरर परत का करायची नाही?

लिनक्सचे ड्रायव्हर लिहिणारे हमखास विचारतात: रिमूव्ह कॉलबॅक (डिव्हाइस सुटताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतो ते) आधी इंट, म्हणजे एक आकडा, परत करायचा, आता व्हॉइड आहे, म्हणजे काहीच परत करत नाही, मग साफसफाई फसली तर कर्नलला कळवायचं कसं?

तसं कळवता कधीच येत नव्हतं. ड्रायव्हर कोअर (ड्रायव्हर आणि डिव्हाइस जोडणारा-सोडणारा कर्नलचा भाग) परत आलेली ती किंमत बघतच नसे. प्लॅटफॉर्म बस (चिपमधल्या डिव्हाइसांसाठीचा कर्नलचा भाग) फार तर लॉगमध्ये इशारा छापायची आणि डिव्हाइस सुटायचंच. केबल उपटून झाल्यावर ‘बिझी’ म्हणून काय उपयोग?

खरं नुकसान करतात त्या रिटर्नच्या खाली, न चाललेल्या ओळी. नेहमीचा नमुना बघा: रिमूव्हच्या सुरुवातीलाच डिव्हाइस जागं करणारा पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट, ऋण किंमत (म्हणजे एरर) आली की रिटर्न. डिव्हाइसची नोंद काढणं, म्हणजे अनरजिस्टर, राहून जातं. पाठोपाठ कोअर डेव्हएमने (रिमूव्हनंतर आपोआप सोडण्याच्या सोयीने) घेतलेली मेमरी आणि रजिस्टरांचं मॅपिंग सोडून देतो. नोंदवलेलं डिव्हाइस मात्र जागेवरच. पुढचा रीड थेट मोकळ्या केलेल्या मेमरीत जातो.

म्हणून नुसतं ‘रिटर्न रेट’चं (रेट म्हणजे एररची किंमत ठेवलेला व्हेरिएबल) ‘रिटर्न’ करू नका, चूक तशीच राहते. एरर लॉग करा, हार्डवेअरला हात लावणारा भाग तेवढा वगळा, बाकी सगळं चालू द्या. डिव्हाइस किती ठिकाणी वापरात आहे त्याची गणतीही सांभाळा: डिव्हाइस जागं करणारा जुना गेट_सिंक फसला तरी वाढवलेली गणती तशीच राहते, ती उतरवणारं पुट_नोआयडल आपणच करायचं; रिझ्यूम_अँड_गेट फसला तर ती स्वतःच उतरवतो, वर पुट केलंत तर गणती चुकली.

दुसरी खोच इंटरप्टची. आयआरक्यू (इंटरप्टची लाइन) डेव्हएमने घेतला असेल तर तो रिमूव्ह संपल्यावर सुटतो. तुम्ही कॅन्सल_वर्क_सिंक केलंत, म्हणजे रांगेतलं काम (वर्क) रद्द केलंत, आणि लगेच इंटरप्ट आला, की हँडलर तेच वर्क पुन्हा रांगेत टाकतो. आधी इंटरप्ट बंद, मग वर्क रद्द. एकूणच प्रोबच्या (डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या फंक्शनच्या) उलट क्रमाने जावं.

बदल टप्प्याटप्प्याने झाला: बसचा कॉलबॅक कर्नलच्या 5.15 आवृत्तीत व्हॉइड झाला, मग एसपीआय आणि आयटूसी या चिप जोडणाऱ्या बसच्या ड्रायव्हरांचा: एसपीआय 5.18, आयटूसी 6.1. प्लॅटफॉर्म ड्रायव्हर एका दमात बदलता येणार नाहीत इतके, म्हणून 6.3 मध्ये तात्पुरता रिमूव्ह_न्यू आला आणि 6.11 मध्ये रिमूव्हच व्हॉइड झाला.

तपासताना केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू ठेवा, डिव्हाइसची फाइल उघडी ठेवा आणि सिसएफएसमधून (/sys खालच्या फाइलींतून) बाइंड-अनबाइंड, म्हणजे ड्रायव्हर जोडणं-सोडणं, फिरवत राहा. मॉड्यूल काढणाऱ्या नुसत्या आरएममॉडवर विसंबू नका: फाइल उघडी असली की बहुधा मॉड्यूलची रेफरन्स गणती त्याला अडवते, अनबाइंडला नाही.